दोन तास कोण बसणार?

माझ्या हाताखाली शिकून आज सरपंच, ग्रामसेवक, शिक्षक झालेल्यांनो, हे तुम्हालाच उद्देशून आहे. नीट वाचा.

मोहफुलांचे दिवस. जंगलाकाठच्या एका घरात पहाटे आई मोह वेचायला निघते, तेव्हा चौदा वर्षांच्या पोराला पडवीच्या खांबाला बांधून जाते. जुन्या लुगड्याची पट्टी, कमरेला दोन वेढे, जवळ पाण्याचा गडू. पट्टीने घासून घासून त्याच्या कमरेची कातडी काळी पडली आहे. त्याला झटके येतात, मोकळं सोडलं तर तो रानात शिरतो, आणि आपल्याकडच्या रानात वाघ आहे. तुम्ही त्याच वाटेने जाता, बघता आणि म्हणता, ‘बाई निर्दय आहे.’ असं म्हणायला जीभ कशी रेटते? अख्ख्या गावात त्या पोराजवळ दोन तास बसायला एक माणूस निघत नाही, याची लाज तुम्हाला वाटायला हवी.

बुद्धीचं अपंगत्व एका पोराला, पण त्यापायी आक्रसतं सगळं घर. मे महिन्यात तेंदूपत्ता खरेदीची फळी लागते, वर्षाची रोकड त्या थोड्या दिवसांत हाती येते. या घरातून नवरा एकटाच पानं तोडतो. पुडे निम्मेच होतात. बहिणीने सातवीतून शाळा सोडली, कारण भावाला सांभाळायला कुणीतरी हवं. नात्यात लग्न निघालं की निरोप येतो, ‘त्याले घरीच ठेवा.’ मग आईही घरीच राहते. रात्री तिला एकच घोर, आपल्यामागे याचं कोण करील? अठरा वर्षांपुढच्या अशा व्यक्तीला कायदेशीर पालक नेमून देण्याची सोय १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आहे, हे तिला तुमच्यापैकी कुणी सांगितलं?

शिक्षक झालेल्यांनो, तुमच्यावर माझा राग जास्त आहे. पटावर नाव आहे, पोरगं वर्गात नाही, आणि विचारलं की उत्तर तयार: ‘त्याले काई समजत नाई, गुरुजी.’ आईची चाहूल लागली की तो हसतो, भूक लागली की थाळी वाजवतो. त्याला समजतं. तुम्ही त्याच्याजवळ बसलाच नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. हक्क म्हणजे तुमच्या मर्जीचा विषय नव्हे.

ग्रामसेवक, तुमच्याकडे येतो. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात. ते कशावर खर्च झाले, ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा. आपल्याच जिल्ह्यातल्या सिरोंचाहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या वर. दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीसाठी तिथवर पोराला न्यायचं, तर दोन माणसांची मजुरी बुडते आणि बसमध्ये लोकांच्या नजरा सोसाव्या लागतात. एवढं करून एक कागद कमी म्हणून परत फिरावं लागू नये, एवढं तरी तुम्ही गावात बसून बघू शकता.

‘आम्ही खेड्यातली माणसं, आम्हाला कसं जमणार?’ हे रडगाणं मला ऐकवू नका. याच गडचिरोलीत मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने २००९ साली १८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. ‘सर्च’ संस्थेने इथल्याच ३९ गावांत बायकांना गुदमरलेल्या नवजात बाळाला श्वास द्यायला शिकवलं. त्या शिकल्या, बाळं वाचली, आणि १९९९ साली ते काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ज्या जिल्ह्यातल्या बाईला गुदमरलेलं बाळ जगवता येतं, तिला झटका आलेल्या मुलाला कुशीवर कसं वळवावं, तोंडात काही का घालू नये, हे शिकवायला कितीसा वेळ लागेल? ज्या ग्रामसभेला तेंदूचा लिलाव जमतो, तिला पहाटेच्या दोन तासांची पाळी लावता येत नाही?

पाळी लावा. पाळीवर बसणाऱ्याला मजुरी द्यायची तर ठराव करा. त्याच्या बहिणीचं नाव पुन्हा शाळेत घाला आणि तिला वर्गात आणून बसवा. या वर्षीची फळी लागण्याआधी त्या घरी जा, आणि कोणत्या दिवशी कोण येणार हे त्या बाईला समोर बसून सांगून या.