न विचारलेले सांगावे काय?

आमची जुनी पद्मिनी विकायची ठरली तेव्हा हा प्रश्न पुढे आला. २००१ साली या गाडीचे उत्पादन थांबले, तरी हौशी माणसे अजून विचारत येतात. कॅम्पातल्या सपाट रस्त्यावर ती ठीक चाले. चोर्ला घाट चढताना मात्र इंजिन नुसते गुरगुरे, वेग वाढत नसे. क्लच प्लेटचे अस्तर झिजले की असेच होते. मेहुणे म्हणाले, "भावोजी, पेडलचा खेळ जरा वाढवू. गिऱ्हाईक इथेच एक फेरी मारील, त्याला कळणार नाही. विचारले तर सांगू."

खोटे बोलू नये, हे आपण शब्बाथ शाळेत शिकवतो. पण गप्प बसणे खोटे आहे काय? दाराचा गंज न सांगितला तरी घेणाऱ्याला दिसतो. क्लच इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामध्ये झाकलेला. काय विचारावे हेच त्याला ठाऊक नसते. मग सांगण्याचे ओझे ज्याला ठाऊक आहे त्याच्यावरच येते, असे मला वाटते.

शेवटी प्लेट घरीच बदलली. गाडी घोड्यांवर टेकवली, प्रॉपेलर शाफ्ट सोडला, गिअरबॉक्स उतरवला. धूळ फुंकली नाही, ओल्या फडक्याने टिपली. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे. आणि फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळे डाग दिसले! नवी प्लेट मधोमध बसवण्यात दुपार गेली, पण मन त्या डागांवर. आता क्लच नवा आहे, मग हे तरी कशाला सांगायचे? ही दुसरी परीक्षा पहिलीहून अवघड होती.

सांगितले. गिऱ्हाइकाने दोन हजार कमी केले. मेहुणे अजून नीट बोलत नाहीत.