विसरलेल्या गाण्याचें ऋण

जी गोष्ट आपण साफ विसरलों तिचा आपणांस उपद्रव होत नाहीं, व जी नीट आठवते तिचाहि होत नाहीं. उपद्रव होतो तो अर्धवट आठवणाऱ्या गोष्टीचा. आणि या जातीच्या गोष्टींत गाण्याइतकी चिवट वस्तु दुसरी नसेल. शब्द गेलेले असतात, गाणारा कोण हें मुळींच ठाऊक नसतें, एखादी लकेर मात्र कशी कोण जाणे मागें राहिलेली असते. आणि वसई रोडच्या फलाटावर विरारच्या गाडीची वाट पाहत उभें असतां, किंवा उत्तरपत्रिका तपासतांना, ती अकारण डोकें वर काढते. चित्रपटांतील गाणें असेल तर हा प्रश्न आमच्याकडे घरच्या घरीं सुटतो. प्रत्येक कुटुंबांत एखादे मामा असे असतात कीं, त्यांच्यापुढें दोन सूर गुणगुणावे आणि त्यांनीं चित्रपट, साल व संगीतकार हीं तिन्ही पानसुपारीच्या तबकासारखीं पुढें करावीं. परंतु जें गाणें आपल्या भाषेंतलें नव्हे, आपल्या घरांतलें नव्हे, आणि ऐकलें तेंहि एकदांच, त्याचा पत्ता कोणाला विचारावयाचा?

अशा एका गाण्यानें मला कित्येक वर्षें वेठीस धरलें आहे. १९८६च्या नाताळांत गिरीजजवळच्या एका स्नेह्याच्या घरीं तें मीं ऐकलें. त्या घरचा थोरला मुलगा आखातांत नोकरीस होता व त्यानें तिकडून टेपरेकॉर्डर आणला होता. कॅसेटवर कांहींच लिहिलेलें नव्हतें. आगगाडी सांधा बदलतांना होतो तसा ढोलाचा ठोका, गाण्यापेक्षां भांडणाकडे अधिक झुकणारा एका बाईचा आवाज, आणि शेवटच्या शब्दावर सुरानें एकदम घेतलेली गिरकी, एवढेंच माझ्यापाशीं उरलें आहे. पुढें चौकशी केली तेव्हां समजलें कीं, ती कॅसेट पुसून तिच्यावर घरच्या एका लग्नांतला बँड भरण्यांत आला. मालकाच्या दृष्टीनें हा सौदा फायद्याचाच झाला असें म्हटलें पाहिजे.

जाणकारांपुढें हें वर्णन केलें म्हणजे ते सांगतात कीं, हें 'पंक' किंवा त्याच्या पाठोपाठ आलेल्या 'न्यू वेव्ह' पंथाचें गाणें असावें. १९७६-७७च्या सुमारास लंडन व न्यूयॉर्क येथील कांहीं तरुणांनीं असें ठरविलें कीं, गाण्यासाठीं संगीत शिकलेंच पाहिजे असें नाहीं; तीन सूरमेळ आणि पोटांत मावेनासा झालेला राग (येथें राग म्हणजे क्रोध) एवढें भांडवल पुरे. सेक्स पिस्टल्स हें त्यांतलें सर्वांत कुप्रसिद्ध नांव. पुढें टॉकिंग हेड्स, ब्लाँडी यांच्यासारख्यांनीं त्याच प्रवाहाला अधिक रेखीव वळण दिलें व त्यांत इलेक्ट्रॉनिक वाद्यांची भर पडली. नाट्यपदें व अभंग ऐकत वाढलेल्या माझ्यासारख्या माणसास या संगीताचा पुळका असण्याचें कारण नाहीं, आणि तो नाहींहि. अडचण आहे ती निराळीच. त्या पंथांतलीं पुष्कळशीं वाद्यमंडळें एक-दोन तबकड्या काढून विरून गेलीं, कित्येकांच्या हातून तेवढेंहि झालें नाहीं. त्यांचीं गाणीं रेडिओवर एखाद्या रात्रीं वाजलीं, आणि कोणा पोराच्या कॅसेटवर उरलीं तेवढींच उरलीं.

प्लेटोच्या 'मेनो' या संवादांत एक प्रसिद्ध पेच आहे. जें आपणांस ठाऊक आहे तें शोधण्याची गरज नाहीं. आणि जें ठाऊक नाहीं तें शोधावयास निघालों, तर सांपडल्यावर तरी तेंच हें, असें कशावरून ओळखावयाचें? वर्गांत हा पेच सांगितला म्हणजे विद्यार्थी त्याला शब्दांचा खेळ समजतात व हंसतात. अर्धवट आठवणारें गाणें पुढें ठेवलें कीं त्यांचें हंसूं थांबतें. विल्यम जेम्स यानें १८९०च्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथांत असें दाखविलें आहे कीं, विसरलेलें नांव आठवूं लागलें असतां मनांत जी पोकळी जाणवते ती नुसती रिकामी नसते. कोणी भलतेंच नांव सुचविलें तर ती तें तत्काळ झिडकारते. माझ्या स्नेह्यांनीं आजवर मला तीसचाळीस गाणीं तरी ऐकविलीं असतील. प्रत्येक वेळीं पहिल्या चार ठोक्यांतच 'हें नव्हे' असा निकाल आंतून मिळाला. जें मला सांगतां येत नाहीं, त्याच्या बाबतींत इतक्या ठामपणें नकार देणारा हा न्यायाधीश कोण?

आपल्या नैयायिकांनीं स्मृति आणि प्रत्यभिज्ञा यांत भेद केला आहे तो येथें उपयोगी पडतो. स्मृति केवळ संस्कारापासून उपजते. 'तोच हा देवदत्त' ही ओळख मात्र मनांतला संस्कार व डोळ्यांपुढें उभा असलेला देवदत्त या दोहोंच्या मिलाफानें होते. म्हणजे ओळख पटण्यासाठीं देवदत्त स्वतः यावा लागतो. मनाच्या कोठारांत कितीहि उकरलें तरी तो तेथें मिळावयाचा नाहीं. बाहेर जाऊन दारोदार चौकशी करावी लागते.

ही यातायात करावी तरी कशाला, असें माझे एक रसिक सहकारी मला नेहमीं विचारतात. त्यांचें म्हणणें असें कीं, गोडी आहे ती अर्धवटपणांत आहे. गाणें सांपडलें तर तें बहुधा सामान्यच निघेल, आणि इतक्या वर्षांची हुरहूर फुकट जाईल. या म्हणण्यांत बरेंच तथ्य आहे, आणि त्यांच्या बाजूनें कालिदासाचीहि साक्ष काढतां येते. शाकुंतलाच्या पांचव्या अंकाच्या आरंभीं राणी हंसपदिका आंतल्या बाजूस गात आहे व दुष्यंत तें गाणें ऐकत आहे. कोणा प्रिय माणसाचा वियोग नसतां आपलें मन एवढें व्याकूळ कां व्हावें, हें त्याला उमगत नाहीं; आणि मग तो स्वतःची समजूत घालतो कीं, मनांत खोल रुजलेलीं मागच्या जन्मींचीं कांहीं प्रेमबंधनें नकळत आठवत असावीं. अभिनवगुप्तानें रसचर्चेंत हाच श्लोक पुढें घेतला आणि ही स्मृति तार्किकांच्या अर्थानें स्मृति नव्हे, असा सूक्ष्म विचार सांगितला. अर्धस्मृतीच्या माधुर्याचें इतकें सुंदर समर्थन मला तरी इतरत्र आढळलें नाहीं.

आमचे रसिक या श्लोकापाशीं थांबतात. नाटक थांबत नाहीं. मुळांत हंसपदिकेचें तें गाणें म्हणजे राजाला दिलेला टोमणा आहे. एकदां प्रेम करून मग विसरून गेल्याबद्दल ती त्याला बोल लावीत आहे. राजाला तें कळतेंहि, कारण तो विदूषकाला तिच्याकडे पाठवितो. मग थोड्याच वेळानें शकुंतला, गर्भवती अशी, प्रत्यक्ष त्याच्यासमोर येऊन उभी राहते, आणि हा सांगतो कीं मी हिला ओळखत नाहीं. ज्या हुरहुरीचा त्यानें मागच्या जन्माशीं संबंध जोडला, ती याच जन्मांतल्या, थोड्याच काळापूर्वीं वनांत वरलेल्या एका स्त्रीविषयींची होती! दुर्वासाच्या शापानें राजाचा दोष हलका होतो हें कबूल. पण त्या शापानें काय केलें पाहा: हुरहूर तशीच ठेवली आणि माणूस तेवढा काढून घेतला. देवदत्त समोर येऊनहि प्रत्यभिज्ञा झाली नाहीं, आणि राजाचें काव्य मात्र उत्तम झालें.

माझा मुद्दा हाच आहे. अर्धवट आठवणाऱ्या गाण्याची गोडी सर्वस्वीं आपली असते. माझ्या गाण्यांतला नाताळ माझा, तें घर माझ्या स्नेह्याचें, सोळा वर्षांचें वयहि माझेंच. गाणाऱ्या बाईचा त्यांत कांहींएक वांटा राहिलेला नाहीं. परंतु ती कोणी तरी होती. तो सूर तिनें कोठल्या तरी गांवीं, कदाचित् भाड्याच्या खोलींत शेजाऱ्यांचीं बोलणीं खाऊन, बसविला असेल. तिची मेहनत घेऊन मीं तिचें माझ्या तारुण्याला अस्तर लावलें, आणि वर त्याला रसिकता म्हणावें, हें कितपत शोभतें? आपल्या शास्त्रकारांनीं माणसावर जीं तीन ऋणें सांगितलीं त्यांपैकीं ऋषींचें ऋण फेडावयाचें तें पैशानें नव्हे, पूजेनेंहि नव्हे, तर अध्ययनानें, असें म्हटलें आहे. ज्यानें दिलें त्याचें नीट जाणून घेणें, हीच तेथें फेड मानली आहे.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. आमच्या वसईच्याच कोळी, वाडवळ, सामवेदी घरांत लग्नाचीं गाणीं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीं. तीं कोणी रचलीं हें कोणी विचारत नाहीं, व त्यावांचून कोणाचें अडत नाहीं. मग इंग्रजी गाण्यालाच हा मान कां? उत्तर असें आहे कीं, लग्नांतलें गाणें प्रत्येक गाणारीण नव्यानें घडविते, म्हणून गाणारीण समोर असली कीं कर्ता समोर असतोच. कॅसेट तो समोर ठेवीत नाहीं. शिवाय नांव नको होतें असें आपण ज्यांच्याविषयीं म्हणतों, त्यांना खरोखर विचारलें कोणी? गी पॉइटेव्हँ व हेमा राईरकर यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविण्याचें जें काम उभें केलें, त्यांत ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचें नांव व गांव टिपण्याची काळजी घेतली. आणि आपल्या संतांनीं तर नाममुद्रा शेवटच्या चरणांतच गुंफून ठेविली. तुकोबांचें नांव काढावयाचें म्हणजे चरणच मोडावा लागतो.

नुसता नाद आपला उगम सांगत नाहीं, याचें उदाहरण वसईकरांना दूर शोधावें लागणार नाहीं. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्यानंतर इकडल्या चर्चांतील घंटा मराठी मुलखांतल्या देवळांत जाऊन लागल्या. नाशिकला गोदाकांठीं नारोशंकराच्या देवळांतली घंटा त्यांपैकींच मानतात. मोठ्या आवाजाच्या माणसास 'नारोशंकराची घंटा' म्हणण्याचा प्रघात तिच्यावरूनच पडला. ती कोणत्या देवासाठीं ओतली होती, हें तिचा टोल ऐकून कोणासहि सांगतां यावयाचें नाहीं. धातूवर उमटविलेलें १७२१ हें साल मात्र चुगली करतें.

अलीकडे गाणें ओळखणारीं यंत्रें निघालीं आहेत. तीं ध्वनीचा ठसा घेऊन आपल्या कोठारांतल्या असंख्य ठशांशीं ताडून पाहतात. २०२० पासून तर नुसतें गुणगुणलें तरी चालतें. माझ्या गुणगुणण्यावर त्या यंत्रानें एकदां मला एक बडबडगीत काढून दिलें, हा त्याचा दोष कीं माझ्या गळ्याचा, हें मी ठरवूं शकलों नाहीं. पण कोठारांत जें नाहीं तें यंत्र कोठून देणार? १९८४च्या सुमारास उत्तर जर्मनींतल्या एका मुलानें तेथील नभोवाणीवरून कॅसेटवर कांहीं गाणीं भरून घेतलीं. त्यांतल्या एकाचें नांव-गांव लागेना. २००७ सालीं त्याच्या बहिणीनें त्याचा तुकडा जालावर लोकांपुढें ठेवला, आणि पुढें देशोदेशींचीं हजारों माणसें त्याच्या मागें लागलीं. कोणी शब्दांचे निरनिराळे पाठ लावले, कोणी नभोवाणीच्या जुन्या याद्या चाळल्या, कोणी वाद्याच्या आवाजावरून साल ठरविलें. आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून पाहतात त्याहून हें निराळें नव्हे. अखेर नोव्हेंबर २०२४मध्यें जुन्या वर्तमानपत्रांतल्या एका मजकुराच्या मागानें उलगडा झाला: कील शहरांतलें 'फेक्स' नांवाचें वाद्यमंडळ, गाणें 'सबवेज ऑफ युअर माइंड'. जग आपल्याला शोधीत आहे, याचा त्या मंडळींना पत्ताहि नव्हता. ऐन विशींत केलेलें काम वाऱ्यावर गेलें असें समजून तीं माणसें म्हातारपणाकडे झुकलीं होतीं. गाणें चांगलें कीं वाईट हा प्रश्न मला येथें गौण वाटतो. ऐकणाऱ्यांची हुरहूर संपली असेल, पण त्या माणसांना त्यांचें काम परत मिळालें.

याची उलट बाजूहि आहे, आणि ती आपल्या घराजवळची आहे. १९७७ सालीं, लंडनमध्यें पंकवाल्यांचा धुमाकूळ चालू असतांनाच, आपल्याकडे 'अमर अकबर अँथनी' हा चित्रपट आला. त्यांत नायक एका भल्यामोठ्या अंड्यांतून बाहेर पडून आपलें नांव अँथनी गोन्साल्विस असल्याचें गाऊन सांगतो. सगळा देश हंसला, आणि तें नांव पोरासोरांच्या तोंडीं बसलें. तें नांव काल्पनिक नव्हतें. अँथनी गोन्साल्विस हे गोव्यांतील मजोर्ड्याचे, जन्म १९२७चा. मुंबईच्या चित्रपटसृष्टींत व्हायोलिन वाजविणारे व वाद्यमेळ रचणारे, आणि संगीतकार प्यारेलाल यांचे गुरु. शिष्यानें गुरूचें नांव गाण्यांत घालविलें तें आदरानें. ऐकणाऱ्यांनीं तें विनोद म्हणून उचललें. त्या काळीं चित्रपटाच्या नामावळींत वादकांना सहसा जागा नसे. गोन्साल्विस २०१२ सालीं वारले.

गेल्या वर्षीं मीं वर्गांत विचारलें, तेव्हां जवळजवळ सगळ्यांनीं तें गाणें म्हणून दाखविलें. हा अँथनी गोन्साल्विस खरा कोण, यावर मात्र मागच्या बांकावरच्या एकाच मुलीनें हात वर केला. तिचे आजोबा त्याच काळांत मुंबईच्या स्टुडिओंतून ट्रम्पेट वाजवीत असत व रात्रीच्या शेवटच्या गाडीनें वसईस परत येत. कोणत्या गाण्यांत, हें तिला ठाऊक नव्हतें. मीं आजोबांचें नांव विचारलें आणि तें फळ्यावर लिहिलें.