मानेखाली हात

मुलगी झाली तेव्हा मी दाराबाहेर उभा होतो. कऱ्हाडला, पहाटे पावणेचारला. पुण्याहून निघालो तेव्हा कळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. खंबाटकी घाट ओलांडतो न ओलांडतो तोच फोन आला, बाळाचे ठोके मंदावतायत, सिझर करावं लागेल. मी पोहोचलो तोवर हिला आत नेलं होतं. सासरे बाकावर बसून होते, सासूबाई भिंतीला टेकून पुटपुटत होत्या. मग दार उघडलं आणि एक सिस्टर हिरव्या कापडात गुंडाळलेलं बाळ घेऊन बाहेर आली. "मुलगी आहे. दोन किलो सातशे. आजी कुठायत?"

मी हात पुढे केले होते. बाळ सासूबाईंच्या हातात गेलं.

सिस्टरचं यात काही चुकलं असं मला वाटत नाही. तिने वर्षानुवर्षं हेच केलं असणार. बाळ सांभाळून धरता येईल असे हात कोणाचे, हे तिला पाठ होतं, आणि माझे हात त्यात बसत नव्हते. पण "आजी कुठायत?" हा प्रश्न माझ्या डोक्यातून पुढे कित्येक दिवस हलला नाही. बाप कुठाय, असं आपल्याकडे कोणी विचारत नाही. बाप बिल भरायच्या खिडकीशी असतो, औषधं आणायला गेलेला असतो किंवा पेढे आणायला.

2016 मध्ये केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांतल्या प्रसूतिगृहात बाळंतिणीजवळ एक सोबतीण असू द्यावी, असं ठरवलं. सोबतीण म्हणजे स्वतः बाळंतपणातून गेलेली बाई. जिथे पुरेसा आडोसा आहे तिथे नवरा चालेल, अशीही सोय त्यात ठेवली. ही सोय मला महत्त्वाची वाटते, कारण एका खोलीत तीन-चार बायका कळा देत असतात तिथे परक्या पुरुषाने येऊ नये हे रास्तच आहे. अडचण आडोशाची आहे. एक पडदा असता तर कितीतरी बाप आपल्या बायकोचा हात धरून उभे राहिले असते.

दुसऱ्या दिवशी मी मुलीशी बोलायला लागलो. पोटात असताना मी रोज रात्री तिच्याशी बोलत असे, म्हणून माझा आवाज ती ओळखेल अशी माझी पक्की समजूत होती. ती आईच्या आवाजाकडे वळायची. माझ्या आवाजाने तिच्यात काहीच हलायचं नाही. नंतर मी यावर वाचलं. अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1980 साली नवजात बाळांच्या तोंडात निपल देऊन एक प्रयोग केला. एका तऱ्हेने चोखलं की आईचा आवाज ऐकू येई, दुसऱ्या तऱ्हेने चोखलं की दुसऱ्या बाईचा. बाळं आईचा आवाज मिळेल तसं चोखू लागली. 1984 साली डीकॅस्परने फिलिस प्रेस्कॉट यांच्यासोबत तोच प्रयोग बापाच्या आवाजावर केला. दोन पुरुषांचे आवाज बाळांना वेगळे कळत होते, पण बापाचा आवाज हवा असं काही दिसलं नाही. जन्मानंतर काही तास बापाने बाळाशी बोलून झालं होतं, तरीही.

हे वाचून मला आधी वाईट वाटलं आणि मग मोठा दिलासा मिळाला. आईचं आणि बाळाचं नातं नऊ महिने रक्तात मुरलेलं असतं. बाप बाळाच्या लेखी परका माणूस असतो, आणि ओळख त्याला पहिल्या अक्षरापासून करून घ्यावी लागते. मग खरा प्रश्न उरतो तो एवढाच, की ती करून घ्यायला त्याला दिवस किती मिळतात.

मला ते दिवस एका दुखण्यामुळे मिळाले. तिसऱ्या दिवशी मुलगी पिवळी दिसायला लागली. बिलिरुबीन सोळाच्या वर गेलं. वजन अडीच किलोवर आलं होतं. पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन थोडं उतरतंच, असं डॉक्टर म्हणाले, पण काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवावं लागेल. "कोवळ्या उन्हात धरलं तर नाही का चालणार?" सासूबाईंनी विचारलं. डॉक्टरांनी त्यांना समजावलं, की नुसत्या उन्हावर विसंबून आता भागणार नाही. पण सासूबाईंच्या प्रश्नात तथ्य होतं. इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात रॉचफर्डच्या रुग्णालयात वॉर्ड नावाची एक सिस्टर होती, बाळांना अंगणात उन्हात न्यायची तिला आवड होती. 1956 साली तिने डॉक्टरांना दाखवलं, की पिवळ्या बाळाच्या अंगाचा जो भाग कापडाखाली झाकलेला होता तेवढाच पिवळा राहिलाय. त्यातून दोन वर्षांत दिव्याचा उपचार उभा राहिला. त्या उजेडाने बिलिरुबीनचं रूप बदलतं आणि ते शी-शूवाटे निघून जातं.

हिचे टाके ओले होते, कुशीवर वळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. सासूबाई तिच्यापाशी हव्या होत्या. म्हणून दिव्यापाशी मी बसलो. दोन दिवस आणि दोन रात्री.

डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट, आणि वरून तो निळा उजेड. दर दोन तासांनी आईचं काढलेलं दूध वाटीतून यायचं. सिस्टरने मला एकदाच दाखवलं, डावा हात मानेखाली, डोकं थोडं उंच, चमचा खालच्या ओठाला नुसता टेकवायचा. ओतायचं नाही. पहिल्या खेपेला मी घाईने ओतलं. तिला ठसका लागला आणि माझे हातपाय गार पडले. मग मी थांबायला शिकलो. चमचा ओठाला लावून ठेवायचा. दूध हलायचं नाही. मग जिभेचं गुलाबी टोक बाहेर यायचं, दुधाला लागायचं, आत जायचं. पुन्हा यायचं. एक चमचा संपायला वाटायचा त्याहून कितीतरी जास्त वेळ जायचा. पाच चमचे झाले की खांद्यावर घ्यायचं आणि पाठीवरून खालून वर हात फिरवायचा, ढेकर येईपर्यंत. तिचा ढेकर मी ऐकायचो नाही, तो माझ्या गळ्यापाशी जाणवायचा.

दुसऱ्या रात्री कधीतरी ती रडू लागली आणि मी नेहमीसारखा मानेखाली हात घातला. ती गप्प झाली. भूक नव्हती, लंगोट कोरडा होता. हात आल्याबरोबर गप्प झाली. तिने मला ओळखलं असा दावा मी करणार नाही. पण तो हात तिला आता नवा नव्हता.

डोळ्यांवरची पट्टी निघाली, आम्ही घरी आलो, आणि परंपरेप्रमाणे माझं काम संपलं. पहिलं बाळंतपण माहेरी. जावयाने बाळ बघायचं, पेढे किंवा बर्फी वाटायची, परत जायचं आणि बारशाला यायचं. बाळंतिणीची खोली बायकांची. तिथे शेगडी, धुरी, ओवा, बाळंतशेपा, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मालिश करायला येणाऱ्या मावशी. मी दारात उभा राहिलो की सासूबाई पदर सावरून म्हणायच्या, "तुम्ही बसा हो जावईबापू, चहा टाकते."

या परंपरेविषयी वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही. सासरी पहाटे उठून चुलीपुढे बसणाऱ्या बाईला सव्वा महिना कोणी कामाला हात लावू देणार नाही, अशी जागा या समाजाने फक्त माहेरी निर्माण केली. सोयर आणि बंद खोली यांनी बाळापासून येणारी-जाणारी गर्दी लांब ठेवली. आजही हिला तिच्या आईकडे जी झोप मिळाली ती आमच्या पुण्याच्या दोन खोल्यांत मिळाली नसती. पण हे सगळं बाईच्या विश्रांतीसाठी होतं. बापाने लांब राहावं, असा त्याचा हेतू कधीच नसावा. तो आपोआप लांब पडला, आणि मग तेच योग्य मानलं गेलं. पुढे तर एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं मूल उचलून घेणं हाच आगाऊपणा ठरला.

विठोबाला आपल्या संतांनी लेकुरवाळा म्हटलं. अंगाखांद्यावर लेकरं घेतलेला पुरुष ही किती सुंदर कल्पना आहे! मराठीत शब्द होता, रूप होतं, पण घरातल्या पुरुषासाठी तो शब्द आपण वापरला नाही.

कायद्यानेही तीच रीत पुढे चालवली. 2017 च्या दुरुस्तीने आईची रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली, हे फार चांगलं झालं. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला 15 दिवस मिळतात. खाजगी नोकरीतल्या बापाला कायदा एकही दिवस देत नाही, मिळेल ते मालकाच्या मर्जीवर. मला पाच दिवस मिळाले. ते काविळीतच संपले. पुढचे दिवस मी हक्काच्या रजेतून काढले, दिवाळीची रजा आत्ताच वापरून टाकली. ज्याला रोजच्या हजेरीवर मजुरी मिळते त्याने काय करायचं?

फिलिपिन्समधल्या सेबू इथे ली गेटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 624 तरुणांचा काही वर्षं पाठपुरावा केला. 2011 मध्ये त्यांनी मांडलं, की बाप झालेल्यांमध्ये टेस्टोस्टेरॉन बरंच उतरतं, आणि रोज तीन तास किंवा अधिक मुलाचं करणाऱ्या बापांत ते सगळ्यात कमी असतं. म्हणजे बाळाचा सहवास पुरुषाच्या शरीरापर्यंत पोहोचतो. हे माझ्या कामाचं वाटतं, कारण "पुरुषांना ते उपजत नसतं" हे वाक्य मी त्या दिवसांत निदान दहा जणांकडून ऐकलं.

मी कऱ्हाडलाच राहिलो. सकाळी मावशी पायांवर बाळ घेऊन अंघोळ घालायच्या तेव्हा पाणी ओतायला मी असायचो. लंगोट बांधायला शिकलो, नाळ पडली तो दिवस मी पाहिला, दुपटी वाळत घातली. अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी सासूबाई स्वयंपाकघरातून बाळ घेऊन आल्या आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "घ्या हो हिला, माझ्या भाकऱ्या राहिल्यात." चहाचं नाव नाही. त्या दिवशी मला त्या घरात जागा मिळाली.

बारसं आम्ही तिच्या काविळीमुळे उशिरा, महिन्याने केलं. गावाकडून अप्पा आले. माझे वडील साखर कारखान्यात होते. मी जानेवारीत जन्मलो, ऐन गळीत हंगामात, आणि त्यांना रजा मिळाली नाही. मी दीड महिन्याचा झाल्यावर त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं, ही गोष्ट आमच्या घरात गमतीने सांगितली जाते. बारशाचा गलका संपला, बहिणीने कानात कुर्र करून झालं, बायका जेवायला बसल्या. मी मुलगी अप्पांपुढे धरली. ते मागे सरकले.

"नको रे. एवढंसं मूल मी कधी घेतलं नाही."

"मला घेतलं असेल की."

"तुला आजी घ्यायची. माझ्या हातात कोणी दिलंच नाही."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मी त्यांना खाली बसवलं, मांडी घालायला लावली आणि मुलगी त्यांच्या हातांवर ठेवली. सत्तरीच्या त्या माणसाचे हात थरथरत होते. त्यांनी श्वास रोखून धरला होता.

"डावा हात मानेखाली, अप्पा," मी म्हणालो. "डोकं थोडं वर. हां, असं."