काटकसर कोणाच्या खिशांतून ?

काटकसर हा सद्गुण आहे कीं नाहीं, याविषयीं आमच्या समाजांत सहसा वाद होत नाहीं. वाद होतो तो काटकसर आणि कृपणता यांच्या सीमेविषयीं, आणि तोहि बहुधा दुसऱ्याच्या घरच्या खर्चावरून. आपण पैसा राखला तर ती काटकसर व शेजाऱ्यानें राखला तर तो चिक्कूपणा, असा एक सोईस्कर कोश प्रत्येकाच्या मनांत असतो. या कोशांत एक शब्द मात्र कोठेंच सांपडत नाहीं, व त्याची उणीव आम्हांस २०२५ सालच्या मे महिन्यांत प्रथम जाणवली. निमित्त अगदीं क्षुल्लक होतें. आमच्या नागपूरच्या घरांतील वातानुकूलन यंत्र, ज्यास घरोघर नुसतें 'एसी' म्हणतात, तें बंद पडलें.

नागपूरच्या उन्हाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो. पण हवा कोरडी असते, आणि कोरड्या हवेची मेहरबानी अशी कीं, वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून किंवा कूलरच्या गवतांतून ती ओढून घेतली म्हणजे पाण्याची वाफ होतां होतां ती स्वतःच निवते. दोनशेक वॅट वीज आणि टाकीभर पाणी एवढ्यांत खोली राहण्याजोगी होते. मुंबईकरांस हें सुख मिळत नाहीं, कारण त्यांची हवा आधींच ओली. आमच्याकडेहि मृगाच्या सरी येऊन गेल्या कीं कूलर नुसती दमट हवा घुमवूं लागतो. त्यानंतरच्या चिकट रात्रींसाठीं, आणि ऐंशी ओलांडलेल्या आमच्या आईसाठीं, आम्हीं २००९ सालीं तें यंत्र घेतलें होतें.

आदल्या दोन उन्हाळ्यांत 'गॅस संपला' म्हणून दोनदां गॅस भरून घेतला होता. दोन्ही वेळां नव्या यंत्राचा खर्च टळला म्हणून आम्हीं समाधान मानलें. हें समाधान किती अडाणीपणाचें होतें तें आतां कळतें. यंत्रांतील वायु हा समईंतल्या तेलासारखा जळून संपणारा पदार्थ नव्हे. तो नळ्यांतून फिरत राहतो. आंतली उष्णता उचलतो, बाहेर नेऊन टाकतो, आणि पुन्हां आंत येतो. तो कमी झाला याचा अर्थ एवढाच कीं, नळी कोठें तरी गळते आहे. गळती न शोधतां गॅस भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें. या खेपेस काँप्रेसरच जळला होता. सोळा वर्षांच्या यंत्रास नवा काँप्रेसर बसविणें म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. म्हणून नवें यंत्र घ्यावयाचें ठरलें.

येथपर्यंतचा व यापुढील कांहीं प्रश्न शुद्ध गणिताचा आहे, आणि गणितांत आम्हांस रस आहे. दुकानांत दीड टनाचें तीन तारकांचें यंत्र ३६,००० रुपयांस होतें, पांच तारकांचें ४५,००० रुपयांस. (टन हें यंत्राचें वजन आहे असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः हें माप बर्फाच्या व्यापाराच्या काळांतलें आहे : ९०७ किलोंचा अमेरिकन टनभर बर्फ चोवीस तासांत वितळतांना जेवढी उष्णता शोषील, तेवढी काढून टाकण्याची शक्ति म्हणजे एक टन.) एकाच्या पट्टीवर वर्षाकाठीं सुमारें ९७० युनिट व दुसऱ्याच्या पट्टीवर ७५० युनिट लिहिलेले. विक्रेत्यानें बोट ठेवून फरक दाखविला व आतांच पांच तारका घ्या म्हणून आग्रह धरला. परंतु पट्टीवरील आंकडा वर्षांत १,६०० तास यंत्र चालेल असें धरून काढलेला असतो. आमच्या घरीं तें ५०० तासांवर चालत नाहीं. तेव्हां आमच्यापुरता फरक फार तर ७० युनिटांचा. महाराष्ट्रांत विजेचा दर १०० व ३०० युनिटांच्या टप्प्यांवर चढत जातो, म्हणून वांचलेलें युनिट हें नेहमीं आपल्या बिलांतील सर्वांत महाग युनिट असतें. तें १५ रुपयांचें धरलें तरी वर्षाला हजार-बाराशे रुपये वांचतील आणि जास्तीचे ९,००० रुपये फिटावयास आठ वर्षांहून अधिक लागतील. जो गृहस्थ वर्षांतले आठ महिने रात्रभर यंत्र चालवितो त्याला तींच पांच तारकांची किंमत तीन वर्षांच्या आंत परत मिळते. एकास जी काटकसर ती दुसऱ्यास उधळपट्टी. तारका मोजण्यापूर्वीं तास मोजावेत.

मग खोली मोजली. ती अवघी ११० चौरस फुटांची निघाली. २००९ सालीं दीड टन कोणाच्या सांगण्यावरून घेतला तें आठवत नाहीं. गच्चीवर चुन्याचे दोन हात दिले, पश्चिमेच्या खिडकीस जाड पडदा लावला, दाराखालची फट बुजविली, आणि एक टनाचें तीन तारकांचें यंत्र ३२,००० रुपयांस आणलें. पंखा सुरू ठेवून तें २६ अंशांवर चालवावयाचें असें ठरविलें. एक अंश वर ठेवला कीं सुमारें सहा टक्के वीज कमी लागते असें विजेच्या काटकसरीचें सरकारी खातेंच सांगतें. पुढें सप्टेंबरच्या २२ तारखेस यंत्रावरील कर २८ टक्क्यांचा १८ टक्के झाला. चार महिने घाम गाळला असता तर घरबसल्या २,५०० रुपये वांचले असते, हें चिरंजीवांनीं आम्हांस हिशेबासह दाखवून दिलें. दैवाची काटकसर आमच्या काटकसरीहून मोठी, दुसरें काय !

पुढें घडलेली आणखी एक गोष्ट येथेंच सांगून टाकतों. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें १८६५ सालीं कोळशावरील आपल्या ग्रंथांत असें दाखविलें होतें कीं, वाफेचें एंजिन जों जों कमी कोळशांत चालूं लागलें तों तों देशांत कोळसा अधिकच जळूं लागला. आम्हीं हें कित्येक वर्षें वर्गांत शिकविलें आहे. ऑगस्ट महिन्यांत आमच्या घरीं दुपारींहि यंत्र चालूं लागलें, कारण 'आतां याला वीज कुठं लागते ?' हें वाक्य घरांतील प्रत्येकाच्या तोंडीं बसलें होतें, आणि पहिल्यांदा तें आमच्याच तोंडून निघालें होतें.

पण ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला ती या हिशेबांत बसत नाहीं. जुनें यंत्र उतरवावयास कारागीर आला. बरोबर अठरा-एकोणीस वर्षांचा मदतनीस होता. उतरविण्याची व नवें बसविण्याची मजुरी त्यानें २,२०० रुपये सांगितली. आम्हीं ती १,६०० वर आणली. घासाघीस करण्यांत आम्हांस एक प्रकारचा बौद्धिक आनंद होतो, हें कबूल केलें पाहिजे. मग त्यानें यंत्राची बाहेरची पेटी तपासून म्हटलें,

"सर, काँप्रेसर चालू असता तर सगळा गॅस याच पेटींत खेचून बंद करतां आला असता. आतां मशीन आणून सिलिंडरमध्यें काढावा लागेल. सहाशे रुपये जास्त होतील, आणि उद्यां यावं लागेल. नाहीं तर असाच सोडून देतों. सगळे तसंच करतात."

सहाशे रुपये ! नुकतेच कमावलेले तेवढेच सहाशे. "सोडा," आम्ही म्हणालों. त्यानें नळीचें बिरडें सैल केलें. दोनएक मिनिटें फुत्कार झाला आणि थांबला. कांहीं दिसलें नाहीं, कसला वासहि आला नाहीं.

त्या रात्रीं आम्हीं, उशिरां कां होईना, उरलेलें गणित केलें. जुन्या यंत्रांत आर-२२ नांवाचा वायु होता. ओझोनच्या थरास तो बाधतो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराच्या पुढील दुरुस्त्यांनीं तो मोडींत काढावयाच्या वायूंत घातला गेला. त्याशिवाय, शंभर वर्षांच्या मुदतींत तो वजनास वजन कार्बन डायॉक्साइडच्या सुमारें १,८०० पट उष्णता अडवितो. आपल्या देशांत एक युनिट वीज तयार होतांना सरासरीनें सुमारें ७०० ग्रॅम कार्बन डायॉक्साइड हवेंत जातो. यंत्रांत किलोभर वायु होता असें धरलें तर आम्हीं दोन मिनिटांत अडीच हजार युनिटांचा धूर सोडला. नव्या यंत्रानें वर्षाला चार-पांचशे युनिट वांचतील असा आमचा अंदाज होता. म्हणजे पांच-सहा वर्षांची बचत, यंत्राची कळ प्रथम दाबण्यापूर्वींच, गच्चीवरून उडून गेली होती. आणि आदल्या दोन उन्हाळ्यांत ज्या भरण्यांचें आम्हीं समाधान मानलें, त्यांतला वायु कोठें गेला असेल ? गळक्या नळींतून तोहि तेथेंच गेला.

आमच्या कोशांत नसलेला शब्द हा. जो खर्च आपण स्वतःच्या सुखांतून छाटला ती काटकसर. जो खर्च नाहींसा न होतां नुसता दुसऱ्याच्या दारीं गेला त्यास काय म्हणावें? आम्ही त्यास 'ढकलणी' म्हणूं लागलों आहों. एकदां शब्द हातीं आल्यावर ती जिकडे तिकडे दिसूं लागली. जुनी पेटी काढावयास तो मुलगा दुसऱ्या मजल्याच्या सज्ज्यावर उतरला तेव्हां त्याच्या कमरेस दोर नव्हता. आम्हीं हें पाहिलें आणि 'संभाळून रे' एवढेंच म्हटलें. खुर्चींत बसलेली आई मात्र ओरडली, "अरे, त्या पोराला आधीं दोर बांधा, मग काय तें काढा !" गच्चीच्या खांबाला दोर बांधण्यांत वीस मिनिटें गेलीं. मजुरींतून आम्हीं जे सहाशे कापले होते त्यांत कोठें तरी हीं वीस मिनिटेंहि कापलीं गेलीं होतीं, हें त्या कारागिरास ठाऊक होतें, आम्हांस नव्हतें.

तसेंच शेजारच्या इमारतींतल्या काकूंचें. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या जुन्या पेटीपासून आठ फुटांवर. वातानुकूलन यंत्र थंडी निर्माण करीत नाहीं. तें आंतली उष्णता उचलून बाहेर फेंकतें, आणि तीत स्वतः खाल्लेल्या विजेची भर घालतें. म्हणजे खोलींतून जेवढी उष्णता गेली तीहून अधिक काकूंच्या खिडकीवर जात होती. सोळा वर्षें ती खिडकी उन्हाळ्यांत बंद असे. धुळीमुळें असेल, असें आम्ही समजत होतों.

यावर आमच्या एका स्नेह्यांनीं आक्षेप घेतला कीं, एका किलोनें पृथ्वी तापत नाहीं, आणि असल्या गोष्टींची काळजी सरकारनें करावी. दुसरा भाग अगदींच चुकीचा नाहीं. केंब्रिजचे प्राध्यापक पिगू यांनीं १९२० च्या आपल्या ग्रंथांत अशा दुसऱ्यावर पडणाऱ्या खर्चावर करांचा उपाय सुचविला होता. आपल्याकडेहि २०२२ च्या ई-कचऱ्याच्या नियमांनीं, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, जुन्या यंत्रांचा भार उत्पादकांवर टाकला आहे. परंतु त्या दिवशीं गच्चीवर उत्पादक उभा नव्हता, सरकार नव्हतें, आम्ही होतों. पहिल्या भागासंबंधीं ॲरिस्टॉटलनें नीतिशास्त्राच्या चौथ्या भागांत केलेला एक भेद आम्हांस आठवतो. कृपणतेचीं तो दोन अंगें सांगतो : द्यावयाचें तेथें न देणें, आणि घेऊं नये तेथून घेणें. आपण पहिल्यासच कृपणता म्हणतों व दुसऱ्यास व्यवहार. रक्कम लहान आहे कीं मोठी, याच्याशीं या भेदाचा संबंध नाहीं.

एका आक्षेपाला मात्र आमच्याजवळ पुरतें उत्तर नाहीं. ज्याच्या घरीं सहाशे रुपयांत आठवड्याचा भाजीपाला येतो, त्यानें पत्र्याच्या छपराखालीं जुनें यंत्र घेऊन म्हाताऱ्या बापास निवारा दिला, तर त्याला आम्हीं कोणत्या तोंडानें वायूचें गणित सांगावें ? आम्हीं सांगूं नये. ढकलणीचा दोष ज्याच्याजवळ दुसरा मार्ग आहे त्याच्याकडेच जातो. आमच्याजवळ तो होता. आम्हीं तो एका दिवसाच्या खोळंब्यासाठीं सोडला.

बाहेरची नवी पेटी आम्हीं गच्चीवर बसवून घेतली. तांब्याच्या नळीचे व लोखंडी चौकटीचे मिळून ३,००० रुपये जास्त पडले. नव्या यंत्रांत आर-३२ आहे. तो ओझोनला अपाय करीत नाहीं व तापविण्याच्या बाबतींत आर-२२ च्या निम्म्याहून कमी, तरी कार्बन डायॉक्साइडच्या पावणेसातशे पट आहेच. जुन्या पेटीस भंगारवाला तांब्याच्या लोभानें ४,५०० द्यावयास तयार होता. ई-कचरा रीतसर मोडणाऱ्यांनीं त्याहून पुष्कळ कमी दिले. "गॅस गेला तो गेला, उरलंसुरलं तरी नीट जाऊं दे," आई म्हणाली, आणि पेटी त्यांच्याकडे गेली.

मुलीच्या खोलींत २०१२ सालचें दुसरें यंत्र आहे. त्यांतहि तोच वायु आहे, आणि तें अद्याप चालतें. आतांपर्यंतची आमची रीत अशी कीं, वस्तु चालते आहे तोंवर चालवावी. या फेब्रुवारींत कारागिरास फोन करून विचारलें. तो म्हणाला, "सर, तें मशीन चालू आहे तोंवरच बोलवा. बंद पडलं कीं पुन्हां तोच घोळ." मजुरी त्यानें २,४०० सांगितली, आणि दोर आपला आपण घेऊन येईन म्हणाला.