एकाच रक्ताचे दोघे

"आपलं रक्तच तसं!" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. आजोबा सुगीच्या दिवसांत खळ्यावरच कोसळले, तेव्हा जमलेली माणसे हेच म्हणाली. वडिलांची डावी बाजू लुळी पडली, तेव्हा आईने डोळ्यांना पदर लावत हेच म्हटले. पुढे माझ्या पन्नाशीत डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळून 'प्रेशर वाढलंय' असे सांगितले, तेव्हा मलाही नवल वाटले नाही. वाटणीत शेत येते तसे हेही आले, असे मी धरून चाललो.

या वाक्यात समजूत आहे, सांत्वन आहे आणि थोडी पळवाटही आहे. पण त्यात एक मोठी चूक दडलेली आहे, हे मला साठी उलटल्यावर कळले. आणि त्याची किंमत माझ्या थोरल्या भावाला मोजावी लागली.

अण्णा खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी शेती पाहतो. मी शिक्षकाच्या नोकरीने बेळगावात आलो तो इथलाच झालो. काही वर्षांपूर्वी गणपतीला गावी गेलो असताना माझे प्रेशर मोजायचे यंत्र सहज त्याच्या दंडाला लावले. वरचा आकडा १७० च्या पुढे गेला. "डॉक्टरला दाखव," म्हटले, तर म्हणाला, "भांगलण सोडून कुठं येऊ? तुझीच गोळी दे की. रक्त एकच की आपलं!" मला ते पटले. मी चार वर्षे एनालाप्रिल घेत होतो, कधी काही त्रास नव्हता. पिशवीतली पाकिटे काढून त्याच्या हातावर ठेवली. आपण मोठे बंधुकर्तव्य केले, असेही वाटले.

चौथ्या रात्री पुतण्याचा फोन आला. "काका, बाबांचं तोंड सुजलंय. जिभेमुळं बोलता येईना झालंय." पावसात, जीपमधून त्याला बेळगावला आणले, तेव्हा त्याला श्वासही नीट घेता येत नव्हता. तो वाचला, हे नशीब. डॉक्टरांनी विचारले, "ही गोळी कुणी दिली?" मी म्हटले, "मी." वहिनी एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही शिकलेले..." आणि थांबल्या. ते अर्धे वाक्य अजून माझ्यापाशी आहे.

त्यानंतर मी या विषयावर हाती पडेल ते वाचत गेलो. या गोळीचे मूळ मोठे विलक्षण आहे. रक्तदाब उतरला की मूत्रपिंडातून रेनिन नावाचे द्रव्य सुटते. त्यातून पुढे अँजिओटेन्सिन तयार होते आणि ते रक्तवाहिन्या आवळते. ही साखळी पुरी करणारे जे विकर, त्याला एसीई म्हणतात. ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या सापाच्या विषात या विकराला रोखणारे घटक सापडले. सर्जियो फेरेरा या ब्राझिलियन शास्त्रज्ञाचे १९६५ सालचे काम इथे पायाचे ठरले. त्यातूनच कॅप्टोप्रिल हे औषध घडले आणि १९८१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. माझी गोळी त्याच घराण्यातली.

पण एसीईचे आणखी एक काम आहे. ब्रॅडिकिनिन नावाच्या द्रव्याचा ते निचरा करते. गोळीने एसीई बांधले की हे द्रव्य साचते. बहुतेकांचे शरीर दुसऱ्या वाटांनी त्याची विल्हेवाट लावते. काहींना नुसता कोरडा खोकला येतो. आणि फार थोड्यांचे ओठ, जीभ, घसा सुजतो. त्या थोड्यांत माझा भाऊ होता, मी नव्हतो. सख्ख्या भावंडांत माणसामाणसांत बदलणाऱ्या जनुकांपैकी सरासरी निम्मीच समान असतात, हे शाळेत मुलांना शिकवणाऱ्या माझ्यासारख्याने विसरावे!

माझी चूक नेमकी कोणती? औषध न विचारता दिले, ही तर झालीच. पण तिच्या मुळाशी दुसरी आहे. मी अण्णाकडे पाहिलेच नाही. 'आमचे रक्त' या नावाकडे पाहिले. माणसाकडे त्याच्या घराण्याच्या, जमातीच्या, वंशाच्या नावाने पाहणे कितपत न्याय्य, हा प्रश्न मला तिथून लागला. तो वैद्यकातही फार जुना आहे, असे दिसले.

१९५० च्या सुमारास इंग्लंडात दोन मोठ्या वैद्यांत एक वाद सुरू झाला. मँचेस्टरचे रॉबर्ट प्लॅट म्हणत, उच्च रक्तदाब हा एक वेगळा रोग आहे. तो एका जनुकामुळे घराण्यात उतरतो. ज्याला आहे त्याला आहे, नाही त्याला नाही. जॉर्ज पिकरिंग म्हणत, निसर्गात अशी रेषाच नाही. रक्तदाब उंचीसारखा आहे. कुणाचा कमी, कुणाचा जास्त, आणि मधे सगळ्या पायऱ्या भरलेल्या. रेषा आपण ओढतो. काळाने कौल बहुतांशी पिकरिंग यांच्या बाजूने दिला. २०१८ साली दहा लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीतून रक्तदाबाशी निगडित अशा ९०१ जागा जनुकसंचात नोंदल्या गेल्या. प्रत्येकीचा वाटा तिळाएवढा. एकाच जनुकाने रक्तदाब चढवणारी घराणीही आहेत, पण ती विरळा. आणि रेषेबद्दल म्हणाल, तर २०१७ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी ती १४०/९० वरून १३०/८० वर आणली, तेव्हा तिथल्या प्रौढांतले रुग्णांचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेले. त्या दिवशी कुणाचेही रक्त बदलले नव्हते.

याचा अर्थ रेषा खोटी, असा नव्हे. रेषेवाचून डॉक्टर गोळी कधी सुरू करणार? पण ती आपण सोयीसाठी ओढली, हे विसरलो की पुढची पायरी सोपी होते: माणसांच्या मधूनही रेषा ओढायची.

अमेरिकेत २००५ साली बायडिल नावाच्या औषधाला मान्यता मिळाली. हृदय कमकुवत झालेल्या कृष्णवर्णीय रुग्णांसाठी, असे त्या मान्यतेत स्पष्ट म्हटले होते. त्याआधी १,०५० रुग्णांवर चाचणी झाली आणि नेहमीच्या उपचारांत या औषधाची भर पडली, त्या गटातले मृत्यू ४३ टक्क्यांनी घटले. हे यश खरे होते. ज्यांचे प्राण वाचले त्यांना त्यातले तत्त्वज्ञान विचारायला जाऊ नये. पण चाचणीत सगळे कृष्णवर्णीयच घेतलेले. इतरांना ते किती लागू पडते, हे त्या चाचणीतून कळणार कसे? आणि कृष्णवर्णीय कोण, तर जो स्वतःला तसे म्हणवतो तो. कुणाचे जनुक तपासलेले नव्हते. कातडीचा रंग हा रक्तातल्या कुठल्यातरी अज्ञात गोष्टीच्या जागी उभा केलेला मुखत्यार होता.

ब्रिटनमध्येही रक्तदाबाची पहिली गोळी निवडताना वयाबरोबर आफ्रिकी किंवा कॅरिबियन मूळ विचारात घेण्याची शिफारस आहे. कारण सरासरीने पाहता अशा लोकांत माझ्या गोळीचा एकट्याने परिणाम कमी, आणि जिभेच्या सुजेचा धोका जास्त. सरासरीला इथे अर्थ आहे. पण सरासरी कधी कुणाच्या दवाखान्यात येऊन बाकावर बसत नाही. बसतो तो एक माणूस.

त्या माणसापर्यंत पोहोचण्याची वाट थोडी थोडी उघडते आहे. हृदयविकारानंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल देतात. ती गोळी पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. यकृतातले एक विकर तिला जागे करते. ज्याला आई आणि बाप या दोघांकडूनही त्या विकराचे निकामी जनुक मिळाले, त्याच्या शरीरात ती पुरेशी जागी होतच नाही. माणूस इमानाने गोळी घेतो आणि त्याचे हवे तितके रक्षण होत नाही. २०१० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याविषयी ठळक इशारा छापायला लावला. हे निकामी जनुक युरोपीयांपेक्षा आपल्या दक्षिण आशियात अधिक आढळते. पण इथे वंश विचारण्याची गरज नाही. रक्ताचा थेंब घेऊन त्या माणसाचे जनुकच पाहता येते.

मग समूहाचे नाव टाकूनच द्यावे का? काही दिवस मला तसे वाटत होते. आता वाटत नाही. आम्ही सीमाभागातली माणसे मोजणीत जन्मलो आणि मोजणीतच म्हातारे झालो. मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिले यावर किती गोष्टी अवलंबून असतात, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. गठ्ठ्यात बांधून घेतल्याचा काच आम्हाला ठाऊक आहे. पण मोजलेच न जाण्याचे दुःखही ठाऊक आहे.

वैद्यकात हे दुसरे दुःख मोठे आहे. जनुकांच्या जगभरच्या अभ्यासांत युरोपीय वंशाच्या लोकांचा भरणा फार मोठा. जे मोजले गेले नाहीत, त्यांच्या रक्तातले धोके कुणाला दिसणार? हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतले डॉ. के. थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवून दिले, की हृदयाच्या स्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकातून २५ अक्षरे गळालेला एक दोष भारतीय उपखंडात सुमारे चार टक्के लोकांत असतो आणि उतारवयात हृदय कमकुवत होण्याची शक्यता तो वाढवतो. युरोपीयांना मोजून तो कधी सापडला नसता. आणि आमच्या सीमाप्रश्नाच्या दृष्टीने गंमत अशी, की आर्य आणि द्राविड अशा दोन्ही भाषाकुळांच्या लोकांत तो आढळतो. भाषेची हद्द त्याने पाळलेली नाही. २०२५ च्या जानेवारीत सुमारे १०,००० भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती संशोधकांना खुली झाली, ती याच कारणाने मोलाची.

तेव्हा मला जे सुचते ते एवढेच. समूहाचे नाव हा कंदील आहे. अंधारात वाट चुकू नये म्हणून तो हातात घ्यावा. पण समोर माणूस आला की कंदील वर धरून त्याचा चेहरा पाहायचा असतो. न पाहता 'हा अमुक, याला तमुक चालेल' असे म्हणणारा वैद्य असो, सरकार असो वा सख्खा भाऊ असो, अन्याय करतो. त्याच्या मनात माया असली तरी करतो. माझ्या मनात मायाच होती.

आणि 'आपलं रक्तच तसं' या वाक्याचे काय? ते निम्मे खरे आहे. कल असतो, निकाल लागलेला नसतो. लोणच्यातले मीठ, चालणे, वेळेवर घेतलेली गोळी, यांनाही त्यात मत आहे. आजोबांचे प्रेशर कुणी कधी मोजलेच नव्हते. त्यांना रक्ताने मारले की न मोजण्याने, हे आता कुणी सांगू शकत नाही. पण आम्ही इतकी वर्षे सगळा दोष रक्तालाच दिला, कारण रक्ताला उत्तर देता येत नाही.

अण्णा आता दुसऱ्या जातीची गोळी घेतो. प्रेशर बरे आहे. कुठली गोळी आपल्याला चालत नाही, त्याची चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात असते. पुतण्याने तिला प्लॅस्टिक लावून दिले आहे. यंदा गणपतीला गेलो तेव्हा वहिनींनी चहा पुढे ठेवला आणि अण्णा हसत म्हणाला, "गोळ्या आणल्यास काय?" मी म्हटले, "नाही. तुझ्या डॉक्टरची वेळ घेऊन आलोय, उद्या सकाळची." तो भांगलणीचे काहीतरी बोलू लागला. मी ऐकून घेतले, पण सकाळी जीप सांगून ठेवली होती.