उलथनं घेऊन निघाले त्याची गोष्ट

मुनिरका, नवी दिल्ली

चि. सोनूस,

‘मावशी, या रविवारी सोशल मीडियावरची सगळी खाती उडवते,’ हा तुझा निरोप वाचला. उडव, पण एका रविवारात होणार नाही. का ते सांगते.

गेल्या पावसाळ्यात आमची वरची खोली भाड्याने द्यायची होती. इकडच्या रीतीप्रमाणे मुनिरका गावाच्या गल्ल्यांत ‘टू-लेट’चे वीस कागद फोन नंबरासकट चिकटवले. खोली चार दिवसांत गेली. फोन मात्र थांबेनात. शेवटी एका सकाळी कोमट पाण्याचा तांब्या आणि उलथनं घेऊन कागद खरवडायला निघाले. येणारेजाणारे बघत होते, बघू देत. सोळा निघाले. तीन सापडलेच नाहीत. एकावर कोचिंग क्लासची जाहिरात बसली होती. आणि कोपऱ्यावरच्या दलालाने माझा नंबर कधीच आपल्या वहीत उतरवून घेतला होता. त्या वहीवर उलथनं चालवणार कसं?

तुझ्या खात्यांचंही तसंच. फेसबुकचं खातं काढायला सांगितलंस की ते तीस दिवस वाट बघतं, तेवढ्यात तू परतली नाहीस तर जातं. वह्या राहतात. मैत्रिणीच्या फोनमधला स्क्रीनशॉट, कॉलेजने चढवलेली निकालाची पीडीएफ, कुठल्या तरी स्पर्धेची यादी. 2023च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे खरा, पण आपण होऊन जगजाहीर केलेल्या माहितीला तो कायदा लागूच होत नाही. कलम 3 वाच. (जन्मभर सरकारी फायली चाळल्या, कलम बघितल्याशिवाय मला राहवत नाही.) 2021मध्ये इथल्या उच्च न्यायालयात एक अमेरिकन नागरिक आला होता. अमली पदार्थांच्या खटल्यातून निर्दोष सुटलेला, पण नाव शोधलं की ते निकालपत्र पुढे यायचं आणि नोकरी हुकायची. न्यायालयाने तो निकाल गूगलच्या शोधात दिसू नये असा आदेश दिला. निर्दोष माणसाला एवढ्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली.

हे लिहिताना कथाकार जी. ए. कुलकर्णी आठवतात. धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, सभासमारंभांपासून लांब राहायचे. ‘काजळमाया’ला मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कारसुद्धा त्यांनी परत केला. तुला वाटेल, घुमा माणूस. पण एकट्या सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेल्या त्यांच्या पत्रांचा अख्खा खंड निघाला आहे. गर्दीकडे पाठ फिरवली आणि एकेका माणसाजवळ पानंच्या पानं बोलले. अर्थात ते गेल्यावर ती पत्रं छापली गेलीच, आणि मी ती अधाशासारखी वाचली. दलालाची वही त्यांनाही चुकली नाही!

म्हणून उडवायच्या आधी सगळ्याची प्रत स्वतःजवळ उतरवून घे. मग एकेक उघडून विचार, हे मी कुणासाठी टाकलं होतं? हरिश्चंद्रगडाचे फोटो बरोबर आलेल्या सहाजणींचे आहेत, त्यांना पाठव आणि भिंतीवरून काढ. नोकरीपुरतं एक खातं राहू दे, त्यावरची जन्मतारीख आणि फोन नंबर तेवढा पुस. ते भांडण, दोन वर्षांपूर्वीचं, तेही काढ. तू बरोबर होतीस, तरी काढ. कंटाळवाणं काम आहे. रोज चहाबरोबर दहा-दहा काढलेस तर दिवाळीपर्यंत होईल.

आणि एक कबुली. तुझ्या सातवीच्या गॅदरिंगमधल्या नाचाचा व्हिडिओ माझ्या खात्यावर होता, सगळ्यांना दिसेल असा. तुला विचारायचं तेव्हा सुचलंही नव्हतं. काल तो काढला. काढण्याआधी तीनदा बघितला. आता तो फक्त माझ्या फोनमध्ये आहे. तिथूनही नको असेल तर तसं कळव.

तुझी,
मावशी