घाम सगळ्यांचा, विहीर कुणाची?

२०१७ च्या वॉटर कपमध्ये पहिलं आलेलं काकडदरा आमच्या वर्धा जिल्ह्यातलं, आर्वी तालुक्यातलं. त्या ४५ दिवसांत राज्यभरच्या गावांनी भर उन्हात सलग समतल चर खणले, बांध घातले. दुष्काळाची तयारी म्हणतात ती हीच.

कौतुक आहेच. पण ‘श्रमदान’ हा शब्द मला टोचतो. चर भूमिहीनही खणतो. मुरलेलं पाणी उतारावरच्या विहिरीत जातं, आणि विहीर सातबाऱ्यावर कुणाच्या तरी नावाची असते. भूमिहीनाच्या घरी पिण्याचं पाणी येतं, ही लहान गोष्ट नाही. पण रब्बीचा हरभरा भिजतो तो जमीनवाल्याचाच. मग दान कुणी कुणाला केलं?

इथल्याच पवनारच्या विनोबांनी १९५१ मध्ये दान मागितलं ते जमीनवाल्यांकडे. आपण सगळ्यांकडे सारखंच मागतो, वर त्याला समता म्हणतो! तोच चर रोजगार हमीवर खणला तर मजुरी मिळते. मला वाटतं, विहीर ज्याची भरणार त्याने श्रमदान करावं. बाकीच्यांना मजुरी मिळावी. पैसा आला की एकोपा जातो म्हणे. बहुतेकदा हे विहीरवालाच सांगतो. त्याची मोटर सुरू होण्याआधी पिण्याच्या पाण्याचा हिशेब ग्रामसभेत व्हावा, त्याच्यासमोरच.